आम्हाला एकमेकांचे वर्ग ऐकू द्या

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे (डाएट) प्राचार्य, अधिव्याख्याते आणि विषय साधनव्यक्ती

विषय : शिक्षकांनी शिक्षकांसाठी बोललेले, जिल्ह्याचे स्वतःचे पॉडकास्ट सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते पाचवीचे पाच वर्ग आणि आम्ही दोघी. आमच्यातली एक प्रशिक्षणाला गेली की पाचही वर्ग दुसरीच्या अंगावर येतात. लहान शाळांची ही स्थिती तुम्हाला नव्याने सांगायला नको. ज्या दिवशी प्रशिक्षण नसते, त्या दिवसांबद्दल मला बोलायचे आहे. कारण शिकवताना अडतो ते त्या दिवशी.

तिसरीतल्या मुलाला ३०४ वजा १२७ हे उदाहरण दिले आणि त्याने २२३ असे उत्तर काढले. एककाच्या घरात चारातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून चार काढले. दशकात दोनातून शून्य, शतकात तीनातून एक. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. म्हणजे पोराने नियम अगदी इमानाने पाळला आहे, फक्त तो नियम त्याचा त्याने बनवलेला आहे. आता त्याला त्या मधल्या शून्यापाशी कसे आणायचे? शतकाचा गठ्ठा सोडून दहा दशक करायचे, त्यातला एक दशक सोडून दहा सुटे करायचे, हे काड्यांवर दाखवू की खेळण्यातल्या नोटांवर? काड्यांवर जमलेले वहीत उतरत नाही, तेव्हा मध्ये कोणती पायरी घालू? आणि हे चालू असताना पहिलीच्या मुलांना कशात गुंतवून ठेवू?

याची अर्धी उत्तरे शिक्षक हस्तपुस्तिकेत असतात. उरलेली अर्धी तालुक्यातल्या कुठल्या तरी शाळेत, तिसरीला वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या एखाद्या बाईंकडे असतात. त्या बाई लेख लिहीत नाहीत. ‘जीवन शिक्षण’ किंवा ‘शिक्षण संक्रमण’ या मासिकांत त्यांचे नाव आलेले नाही. पण त्यांना कुणी विचारले तर हातातला चहा गार होईपर्यंत त्या सांगत राहतील. कोणत्या मुलाने काय केले, त्यांनी काय बदलले, दुसऱ्या दिवशी काय झाले, सगळे.

त्यांचे हे सांगणे ध्वनिमुद्रित करून आमच्यापर्यंत पोहोचवा, एवढेच माझे मागणे आहे. प्रत्येक डाएटने आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या आवाजात एक पॉडकास्ट चालवावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवलेली आहे. त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे की हा विकास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार व्हावा. ५० हा आकडा आता सगळ्यांना पाठ आहे, वाक्याचा दुसरा भाग मात्र क्वचित ऐकू येतो. २०१९ मध्ये सुरू झालेले ‘निष्ठा’ हे शिक्षकांचे देशव्यापी प्रशिक्षण पुढच्याच वर्षी ‘दीक्षा’ या सरकारी मंचावर ऑनलाइन आले. लाखो शिक्षकांपर्यंत एकच मजकूर न्यायचा तर असा मार्ग लागतोच. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान हे शब्द खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोहोचायलाही असे अभ्यासक्रम उपयोगी पडले. पण देशासाठी लिहिलेला मजकूर माझ्या वर्गातल्या त्या २२३ पर्यंत येऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. ते काम जिल्ह्याचे आहे. म्हणूनच तर १९८६ च्या धोरणात प्रत्येक जिल्ह्यासाठी तुमच्यासारख्या संस्थेची कल्पना मांडली गेली.

आवाजच का, व्हिडिओ का नको, असे तुम्ही विचाराल. पहिले कारण साधे आहे. शाळा सुटल्यावर शिक्षिकेचे हात आणि डोळे मोकळे नसतात, कान असतात. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या करताना, एसटीत खिडकीशी बसून जाताना ती ऐकू शकते. (दुचाकीवर कानात इअरफोन घालून ऐका असे कुणीही, कधीही सुचवू नये. घाटरस्त्याने ये-जा करणारे आमचे भाऊबंद खूप आहेत.) दुसरे कारण नेटवर्कचे. वीस मिनिटांचा भाग ६४ केबीपीएस एवढ्या ध्वनिदर्जावर ठेवला तर दहा एमबीच्या आत बसतो. तालुक्याच्या गावी उतरवून घेतला की पाड्यावर नेटवर्क नसतानाही ऐकता येतो. तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओला याच्या कित्येक पट डेटा लागतो. ज्या शिक्षकांना दिसत नाही, त्यांच्यासाठी तर हे सोयीचे प्रशिक्षण ठरेल.

तिसरे कारण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. कॅमेरा आला की वर्ग सजतो. भिंतीवर तक्ते लागतात, मुले गणवेशात ताठ बसतात, हुशार मुलगी पुढच्या रांगेत येते आणि शिक्षिका रोज शिकवते तशी शिकवत नाही. आवाज मुद्रित करताना ही सजावट करायचे कारणच उरत नाही. पाहणाऱ्याला दाखवायचे नसले की माणूस खरे सांगायला लागतो. अडले कुठे हेही सांगतो.

शिक्षकांसाठीचे पॉडकास्ट ही बाहेर आता नवी गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकेत जेनिफर गोन्झालेझ या माजी शिक्षिका ‘कल्ट ऑफ पेडागॉजी’ चालवतात. त्यात वर्गातली शिस्त, गृहपाठ, तपासणीचा भार असे रोजचे विषय असतात. इंग्लंडमधले गणित शिक्षक क्रेग बार्टन यांनी आधी संशोधक आणि शिक्षकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. पुढे त्यांनी ‘टिप्स फॉर टीचर्स’ सुरू केले, त्यात आलेला पाहुणा वर्गात लगेच वापरता येतील अशा पाच गोष्टी सांगतो. आपण सुरुवात कशाने करायची, याचे उत्तर या दुसऱ्या रूपात आहे असे मला वाटते. एका भागात एकच अडचण घ्यावी. लांब मुलाखती नंतर येतील.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘सोल्ड अ स्टोरी’ या मालिकेने तर फार मोठी उलथापालथ केली. ती केली एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंनी. अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलांना शब्द वाचायला शिकवण्याऐवजी चित्रावरून आणि संदर्भावरून ओळखायला कसे शिकवले जात होते आणि संशोधनाचा आधार नसताना ही पद्धत दशकानुदशके कशी टिकली, हे त्यांनी भागामागून भाग उलगडून सांगितले. शिक्षकांनी ते ऐकले, पालकांनी ऐकले आणि अनेक राज्यांनी वाचन शिकवण्यासंबंधीचे कायदे बदलले. त्या मालिकेवर वाद झाले, अजूनही होतात. माझ्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. वाचन शिकवण्यासारख्या कोरड्या समजल्या जाणाऱ्या विषयावर माणसे तासन्‌तास ऐकत राहिली. मराठीत वाचन शिकवताना बाराखडी आधी की शब्द आधी, अक्षरे ‘क ख ग’ या क्रमाने की ‘ग म भ न’ अशा गटांनी, काना-मात्रा कधी आणायच्या, यावर प्रत्येक शाळेत मते आहेत. ती मते नीट, शांतपणे, उदाहरणांसकट कुठे ऐकायला मिळतात?

२०१९ आठवते ना? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही संख्यावाचनाची पद्धत आली आणि राज्यभर गदारोळ झाला. विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा आधी लिहायचा असतो, शिवाय नावांतली जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात, म्हणून हा पर्याय दिला, अशी त्यामागची भूमिका होती. ती पटो न पटो, ती शिकवणाऱ्याला सविस्तर कळायला हवी होती. आमच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी वाहिन्यांवरची वादावादी आणि मोबाइलवर फिरणारे विनोद आले. त्या वेळी एखाद्या डाएटने समितीतल्या कुणाशी तासभर बोलून ते ध्वनिमुद्रण राज्यातल्या दुसरीच्या शिक्षकांना दिले असते, आणि सोबत वर्गात दोन्ही पद्धती वापरून पाहिलेल्या दोन शिक्षिकांचा अनुभव जोडला असता, तर चर्चा वेगळ्या पातळीवर झाली असती. मंगलाताई जुलै २०२३ मध्ये गेल्या. अशी माणसे आपल्यात असतात तोवर त्यांचे बोलणे जपून ठेवायला हवे, ही रुखरुख मला अजून आहे.

काही गोष्टी शिकण्यासाठी तर ध्वनीइतके चांगले साधन दुसरे नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना आढळले. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले की मुलांची उत्तरे लांब होतात, न बोलणारी मुले बोलू लागतात, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी होते. प्रशिक्षणात ‘मुलांना विचार करायला वेळ द्या’ हे वाक्य आपण सगळ्यांनी लिहून घेतले आहे. पण तीन सेकंद म्हणजे किती, हे वाक्य वाचून कळत नाही. एका भागात आधी रोजचा वर्ग ऐकवा : प्रश्न, लगेच हात, लगेच ‘हं, तू सांग’. मग तोच प्रश्न आणि त्यानंतरची पूर्ण तीन सेकंदांची शांतता ऐकवा. ऐकणाऱ्याला ती फार लांब वाटेल, अस्वस्थ वाटेल. शिक्षकाला नेमके तेच अनुभवायला हवे. त्याच भागाच्या शेवटी सांगा की उद्या परिसर अभ्यासाच्या तासिकेत फोन टेबलावर ठेवून दहा मिनिटे मुद्रण करा आणि घरी जाऊन स्वतःचे थांबणे मोजा. हे मुद्रण कुणाला पाठवायचे नाही, कुठे अपलोड करायचे नाही, ते तुमच्यापाशीच ठेवा.

आता जिल्ह्यांकडे येते, कारण माझ्या मागणीचा खरा जीव तिथे आहे. एकच राज्यव्यापी पॉडकास्ट मी का मागत नाही? मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याला बदली होऊन आलेल्या गुरुजींना पहिल्याच दिवशी कोरकू बोलणारी मुले भेटतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. मूल गप्प बसते ते उत्तर येत नाही म्हणून, की भाषा कळत नाही म्हणून, हे त्या गुरुजींना ओळखता यायला हवे. वर्गात रोज लागणारे कोरकू शब्द, नीट उच्चारासकट, गावातल्याच एखाद्या आजीच्या किंवा कोरकूभाषक शिक्षकाच्या तोंडून ऐकायला मिळाले तर केवढे काम होईल! उच्चार छापील कागदावरून येत नाही. गडचिरोलीच्या डाएटला हेच गोंडी आणि माडियासाठी करता येईल, नंदुरबारला पावरी आणि भिलीसाठी, पालघरला वारलीसाठी, यवतमाळला कोलामीसाठी. सोलापूर जिल्ह्यात काही मुलांच्या घरी कन्नड असते, काहींच्या घरी तेलुगू.

बीडच्या डाएटचा विषय पूर्ण वेगळा असेल. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. तेव्हा वर्ग चार-पाच महिने पुढे गेलेला असतो. त्याला ‘मागे पडलेला’ अशा यादीत न टाकता कुठून उचलायचे, हंगामी वसतिगृहातल्या मुलांशी संध्याकाळी काय करायचे, हे बीड, जालना, अहिल्यानगरच्या शिक्षकांना जितके ठाऊक आहे तितके दुसऱ्या कुणालाही नाही. सिंधुदुर्गात उलट आहे. तिथे कित्येक शाळांत मुलेच मूठभर. चार मुलांच्या वर्गात गटकार्य कसे करायचे, हा तिथला प्रश्न. हे प्रश्न पुण्यात बसून कुणी लिहू शकणार नाही. आणि एकदा हे भाग तयार झाले की बीडचा भाग नाशिकमध्ये ऐकला जाईल. कारण आमच्याकडचीही कुटुंबे द्राक्षबागांच्या आणि वीटभट्ट्यांच्या कामाला हलतात.

आवाजातून शिक्षण पोहोचवणे आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. २०२० च्या टाळेबंदीत नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा मुलांसाठीचा कार्यक्रम ऐकवला गेला. त्याच काळात सीबीएसईची ‘शिक्षा वाणी’ ही पॉडकास्ट सेवा होती. ती दोन्ही मुख्यतः मुलांसाठी. शिक्षकाने शिक्षकाशी बोलण्याची जागा मला तरी रिकामीच दिसते.

आता एक कळकळीची विनंती. या उपक्रमाला सक्ती, लिंक, लॉगिन, प्रश्नमंजूषा आणि प्रमाणपत्र जोडू नका. ‘सर्वांनी आज सायंकाळी पाचपर्यंत ऐकून स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा’ असा संदेश ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी हे पॉडकास्ट संपले असे समजा. फोन एका कोपऱ्यात आवाज बंद करून वाजत राहील आणि आकडा शंभर टक्के भरेल. ५० तासांत हे धरायचे की नाही, हा प्रश्न येणारच. माझे मत असे की ऐकण्याची मिनिटे मोजूच नयेत. मोजायचे असेल तर नंतरचे काम मोजा. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अर्धा तास राखून ठेवा. ज्यांनी तो भाग ऐकून वर्गात काही करून पाहिले, त्यांनी मुलांच्या वह्या घेऊन यावे आणि काय झाले ते सांगावे. नाही जमले तेही सांगावे. तो अर्धा तास खुशाल धरा.

हे मी उगीच म्हणत नाही. मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये शिक्षकांना वैयक्तिक मार्गदर्शन देण्याविषयीचे ६० अभ्यास एकत्र तपासले. अनुभवी व्यक्तीने शिक्षकाच्या वर्गाबद्दल त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलल्याने शिकवण्यात चांगली सुधारणा दिसली, मुलांच्या शिकण्यातही दिसली. मात्र तोच कार्यक्रम मोठ्या संख्येला लावला की परिणाम घटत गेला. म्हणजे नुसते ऐकवून वर्ग बदलेल असा दावा मी करणार नाही. पॉडकास्ट मार्गदर्शकाची जागा घेणार नाही. पण मार्गदर्शक ज्या शाळेपर्यंत वर्षातून कसाबसा पोहोचतो, तिथे एखादा अनुभवी आवाज दर आठवड्याला पोहोचू शकतो, आणि केंद्रप्रमुखांना शाळाभेटीत बोलायला नोंदवह्यांपलीकडचा विषय मिळतो.

खर्चाचे फार काही नाही. एक कॉलर माइक, एक बऱ्यापैकी फोन, दारे-खिडक्या बंद होणारी खोली आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गोधड्या. पत्र्याच्या शाळेत पावसाळ्यात मुद्रण करू नये. संपादनाची मोफत सॉफ्टवेअर आहेत आणि ती चालवणारे तंत्रस्नेही शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. भाग खुल्या आरएसएस फीडवर (नवे भाग ॲपपर्यंत आपोआप पोहोचवणाऱ्या दुव्यावर) ठेवा, म्हणजे कोणत्याही ॲपमध्ये ऐकता येतील, आणि फाइल उतरवून घेण्याची सोयही द्या. जिथे आकृती किंवा फळ्यावरची मांडणी लागते, तिथे एका पानाचे टिपण जोडा. भूमितीची रचना कानाने शिकवता येत नाही, तो हट्ट धरू नये. मुलांचे आवाज वापरायचे तर पालकांची लेखी संमती घ्या आणि नावे काढून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. कायदा नसता तरी ते करायलाच हवे होते.

खरा खर्च वेळेचा आहे, आणि त्याबाबत तुमच्या हातात काहीतरी आहे. बोलायला येणाऱ्या शिक्षकाला त्या दिवसाची कर्तव्य रजा द्या. प्रश्न विचारणाऱ्या अधिव्याख्यात्याला इतर कामांतून महिन्यातले दोन दिवस मोकळे ठेवा. निवडताना पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीपासून सुरुवात करू नका. केंद्रप्रमुखांना विचारा, की तुमच्या केंद्रात दुसरे शिक्षक अडले की कुणाला फोन करतात? ते नाव घ्या. उद्घाटन, स्वागत, मान्यवरांचे मनोगत यांना या भागांत जागा ठेवू नका. पहिल्या मिनिटात अडचण यावी, आणि ती मुलाच्या वहीतली असावी.

पहिला भाग ‘मधल्या शून्याची वजाबाकी’ यावर करा, असे मी सुचवते. आमच्या केंद्रातल्या एका ज्येष्ठ बाईंना मी विचारून ठेवले आहे. त्या बोलायला तयार आहेत, फक्त शनिवारी सकाळच्या शाळेनंतर या म्हणाल्या. प्रश्न विचारायला कुणी नसेल तर मी विचारीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
जिल्हा परिषद शाळा, नाशिक जिल्हा